२५ लाखांचा कायम खंड

वाशिममध्ये वाणिज्य शाखेला रोख्यांचे गणित शिकवताना मला उदाहरणासाठी मुंबईच्या शेअर बाजारापर्यंत जावे लागले नाही. आमची जमीनच एकेकाळी कर्जाचे तारण होती. हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या खर्चाची थकबाकी वाढली, तेव्हा १८५३च्या तहाने निजामाने वऱ्हाड प्रांत ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केला. त्यात बासीम, म्हणजे आजचे वाशिमही गेले. फौज ठेवण्याचा निर्णय दूरच्या दरबारात झाला होता. तिचा खर्च मात्र येथे कापूस आणि ज्वारी पिकवणाऱ्यांच्या शेतसाऱ्यातून भागू लागला. कागदावरच्या व्याजामागे कोणाचे तरी श्रम असतात, हे आमच्या पूर्वजांना पुस्तकाविना कळले होते.

पुढे ५ नोव्हेंबर १९०२ रोजी लॉर्ड कर्झन आणि निजाम मीर महबूब अली खान यांच्यात करार झाला. वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने इंग्रज सरकारकडे राहिला आणि निजामाला वर्षाला २५ लाख रुपये खंड ठरला. हा आकडा फळ्यावर लिहून मी विचारत असे: या हक्काची आजची किंमत किती? कायम मिळणाऱ्या रकमेला व्याजदराने भागायचे. दर ४ टक्के धरला तर सव्वासहा कोटी. ५ टक्के धरला तर पाच कोटी. जमीन तीच, करार तोच, तरी सव्वा कोटी नाहीसे झाले. व्याजदर चढला की जुन्या रोख्याची किंमत उतरते, ती अशी. मुदत जितकी दूर, तितका हा फटका मोठा. ७ टक्के व्याजाचा १,००० रुपयांचा रोखा घ्या. बाजारात दर ८ टक्के झाला, तर दहा वर्षे उरलेल्या रोख्याला सुमारे ९३३ रुपये मिळतील आणि एकच वर्ष उरलेल्याला ९९१.

मक्त्याने शेती करणाऱ्या घरातली एक विद्यार्थिनी एकदा म्हणाली, "सर, दरवर्षी तेवढेच? आमच्या शेताचा मालक तर खंड वाढवून मागतो." शेअर बाजारातल्या कंपनीच्या मूल्यांकनाचे दार तिने स्वतःच उघडले होते, कारण तेथेही मिळकत दरवर्षी वाढेल असे धरूनच किंमत काढतात. हेच २५ लाख दरवर्षी २ टक्क्यांनी वाढतील असे मानले, तर ४ टक्के दराने त्यांची किंमत साडेबारा कोटी होते, म्हणजे नेमकी दुप्पट. हे २ टक्के कोणत्याही खतावणीत नोंदलेले नसतात. तो कोणाचा तरी अंदाज असतो. म्हणून मूल्यांकनाचा अहवाल हाती आला की वाढीचा दर कोणी आणि कशासाठी धरला, हे मी आधी शोधतो. वऱ्हाडचा खंड कायमचा ठरला तेव्हा १८९९-१९००च्या भीषण दुष्काळाला पुरती तीन वर्षेही झाली नव्हती. सरलेल्या हंगामावरून पुढच्या शतकाचे मोल ठरवण्याची घाई माणसाला नेहमीच होते. पुढे महायुद्धे आली, वस्तूंचे भाव चढले; २५ लाखांचा आकडा मात्र जागचा हलला नाही.

आज सरकारी रोखा सर्वांत सुरक्षित मानला जातो. त्याला आता प्रांत गहाण ठेवावा लागत नाही. नागरिक कर भरत राहतील, हा विश्वासच त्याचे तारण आहे. आमच्या जिल्ह्यात सोयाबीन पिकवणाऱ्या कुटुंबाला शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नसला, तरी डिझेलपासून साबणापर्यंत प्रत्येक खरेदीत ते कर भरतेच. आम्हा पगारदारांचा प्राप्तिकर पगार हाती येण्यापूर्वीच कापला जातो, आणि आमची तक्रारही तेथेच सुरू होते. त्या तक्रारीत सहभागी होणे मला कधी जमले नाही, कारण पगारपत्रकात आणखी एक लहानशी ओळ असते: व्यवसाय कर, दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००. १९७२च्या दुष्काळात आकाराला आलेल्या रोजगार हमीसाठी निधी उभा राहावा, म्हणून १९७५ साली महाराष्ट्राने हा कर लावला. संविधानाने त्यावर घातलेली वार्षिक मर्यादा १९८८ मध्ये २५० रुपयांवरून २,५०० झाली आणि तेथेच थांबली. त्यानंतर आमची वेतने कितीतरी पटींनी वाढली. हा आकडाही वाढवावा, अशी मागणी शिक्षकांच्या एकाही सभेत माझ्या कानावर आली नाही. ती आम्हीच करायला हवी होती.