निर्जन पोवळ्यांचें पठार व आपलें कर्तव्य

वाचकहो, ज्या स्थळीं मनुष्याची वस्ती नाहीं, जेथें कोणी पेरीत नाहीं व कापीतही नाहीं, त्या स्थळाविषयीं आपलें कांहीं कर्तव्य आहे काय? बीड जिल्ह्यांतील आपणां शेतकऱ्यांस हा प्रश्न दूरचा वाटेल. तरी एका उदाहरणावरून त्याचा विचार करूं.

कोंकणांतील विजयदुर्गाच्या पश्चिमेस सुमारें 105 किलोमीटरांवर भर समुद्रांत एक बुडालेलें पठार आहे. त्यास आंग्रिया बँक असें म्हणतात. मराठ्यांच्या आरमाराचे सरखेल कान्होजी आंग्रे, जे 1729 सालीं वारले, त्यांच्यावरून हें नांव पडलें. पठाराची लांबी सुमारें 40 किलोमीटर व रुंदी सुमारें 15 किलोमीटर आहे. त्याचा माथा सर्वांत उंच आहे तेथेंही वर सुमारें 20 मीटर पाणी असतें. आपल्या विहिरींच्या मापानें अकरा-बारा परस समजा. तेथें मनुष्यानें राहणें शक्यच नाहीं.

परंतु तें स्थळ ओसाड नाहीं. पाणी निवळ असल्यामुळें ऊन खोल पोंचतें व तेथें पोवळीं वाढतात. पोवळें दगडासारखें दिसतें, पण तें लहान जीवांनीं समुद्रांतील चुना घेऊन बांधिलेलें घर होय. एक पिढी मरते, तिच्या घरावर दुसरी बांधिते. ह्या जीवांच्या शरीरांत सूक्ष्म शेवाळ राहतें. तें उन्हाच्या साह्यानें अन्न करून त्यांस देतें, आणि ते त्यास आसरा देतात. ह्या घरांच्या आश्रयानें मासे वाढतात. केरळाच्या पश्चिमेस असलेलीं लक्षद्वीपाचीं बेटें अशाच जीवांच्या श्रमानें उभीं राहिलीं.

कोणी म्हणेल, "तेथें कोणी राहत नाहीं, मग आपल्या हातून त्याचें काय बिघडणार?" ऐका. 1998 सालीं समुद्राचें पाणी फार तापलें, तेव्हां लक्षद्वीपांतील पुष्कळ पोवळ्यांतून तें शेवाळ निघून गेलें व तीं पांढरीं पडून मेलीं. 2010 व 2016 सालींही तसेंच संकट आलें. ऋतुमानाच्या फेऱ्यानें समुद्र कधीं कधीं तापतो हें खरें. पण कोळसा व तेल ह्यांच्या धुरानें तो ताप वाढत आहे. धूर वस्तींतून निघतो, आणि त्याचें फळ निर्जन स्थळ भोगितें.

आतां आपल्या गांवाकडे पाहा. दुसऱ्याच्या उभ्या पिकांत आपण गुरें सोडीत नाहीं, कारण धनी ओरडेल. गायरानांत व ओढ्याकांठीं ओरडणारा कोणी नसतो. आपण धन्यास भितों कीं न्यायास मानितों, हें तेथेंच कळतें. गरिबानें गायरानांतून सरपण आणूं नये असें माझें म्हणणें नाहीं. वाळलेली फांदी नेणें आणि झाड मुळासकट तोडणें ह्यांत भेद आहे. जो हा भेद आपल्या ओढ्याकांठीं पाळितो, त्यास न पाहिलेल्या समुद्राविषयींचें कर्तव्य निराळें शिकवावें लागत नाहीं. ज्यास धनी नाहीं व वाचा नाहीं, त्याची राखण प्रत्येकाच्या विवेकाकडे सोंपविलेली आहे.