हौसेचे ऊन

ऊन दोन प्रकारचे असते. एक नाइलाजाचे आणि दुसरे हौसेचे. पहिले रॉकेलच्या नाहीतर बँकेच्या रांगेत आपोआप डोक्यावर येते आणि त्याबद्दल आपण सरकारला दोष देतो. दुसरे मात्र रजा काढून, पदरमोड करून, विमानाने जाऊन खायचे असते.

हौसेचे ऊन सगळ्यात चोख कुठे मिळत असेल, तर ऑस्ट्रेलियाच्या पोटात. तिथे सायकलवर सामान लादून हिंडणाऱ्या मंडळींच्या हकिकती मी पंख्याखाली बसून फार आवडीने वाचतो. मारी ते मार्ला असा सुमारे ६२० किलोमीटरांचा एक कच्चा रस्ता आहे. नाव ऊडनाडाटा. दगडांवरून सायकल गेल्याचा आवाज त्या नावातच आहे! रस्ता पन्हळी पत्र्यासारखा, तोंडावर माश्यांसाठी जाळी, आणि सामानात कपड्यांपेक्षा पाणी जास्त. दक्षिणेला नलरबॉरचे मैदान आहे. लॅटिनमध्ये या नावाचा अर्थ 'एकही झाड नाही'. तिथल्या हमरस्त्यावर सलग १४६ किलोमीटर वळणच नाही. आमच्या पेठेत तेवढी पावलेसुद्धा सरळ टाकता येत नाहीत.

हे मैदान आर्थर रिचर्डसन नावाच्या गृहस्थाने १८९६ साली सायकलवरून ओलांडले. कूलगार्डी ते अ‍ॅडलेड, एकतीस दिवसांत. तेवढ्याने पाय दुखले नाहीत म्हणून की काय, १८९९-१९०० मध्ये त्याने अख्ख्या खंडाला प्रदक्षिणा घातली. त्याचे नाव इतिहासात राहिले, आणि राहावेच.

पण त्याच काळात मेंढ्यांची लोकर कातरणारे मजूरही कामाच्या शोधात सायकलवरूनच शेकडो मैल जात. घोड्याला दाणापाणी लागते, सायकलला फार तर पंक्चरचे ठिगळ. त्यांच्याआधीपासून बलुचिस्तान, सिंध, पंजाबकडून नेलेले उंटवाले त्या मुलखात तारा आणि धान्य वाहत होते. त्या सगळ्यांना सरसकट 'अफगाण' म्हणत. पुढे 'घॅन' या आगगाडीला त्यांच्यावरूनच नाव पडले, असे सांगतात. म्हणजे गाडीला नाव मिळाले, माणसे बिननावाची राहिली.

आता मला पडलेला प्रश्न असा : मुलूख तोच, ऊन तेच, मग एकाचे ते हाल आणि दुसऱ्याचा तो पराक्रम, हे कसे? पहाटे चारला सायकलला दुधाचे क्रेट लटकवून जाणाऱ्याच्या गळ्यात हार घातलेला मी तरी पाहिला नाही.

आमच्या सौ.कडे याचे उत्तर तयार होते. "परतीचं तिकीट खिशात असलं की वनवाससुद्धा गोड लागतो हो!"

बोलणे खरे आहे. तरी मला ते पुरते पटत नाही. कारण तहान खिसा तपासून लागत नाही. त्या रस्त्यावर चार तासांनी एखादी मोटार येते, हळू होते आणि आतला माणूस विचारतो, पाणी आहे ना? त्या क्षणी बँकेतली ठेव, हुद्दा, बंगला सगळे निरुपयोगी. रिकामी बाटली पुढे करायची आणि ओशाळे न होता 'थोडं द्या' म्हणायचे. नाइलाजाचे ऊन सोसणाऱ्याला हा धडा रोजच मिळतो. हौसेवाल्याला तो फी भरून घ्यावा लागतो, एवढाच फरक.

तेव्हा हौसेच्या कष्टांचे पुण्य लागते का? सायकल चालवताना नसावे. त्याचा हिशेब घरी आल्यावर होतो. भर दुपारी चार जिने चढून पार्सल घेऊन आलेल्या पोराला, त्याने न मागता, जर हा माणूस तांब्याभर पाणी देत असेल, तर ऊडनाडाटा वसूल झाला म्हणायचे. आणि तेवढे आपल्याला पंख्याखालून उठूनही जमत असेल, तर विमानाचे तिकीट वाचले!