राखणदाराची वारी

ज्येष्ठ वद्यात पैठणहून नाथमहाराजांची पालखी पंढरीस निघते. छत्रपती संभाजीनगरातले काही वारकरी तेव्हा घराला कुलूप लावून, पगारी माणूस राखणीला बसवून जातात. श्रोते विचारतात, "महाराज, ह्या राखणदाराला वारीचे पुण्य आहे का?"

याज्ञवल्क्यस्मृतीत उपनिधीचे प्रकरण आहे. आत काय आहे हे न सांगता बंद करून सोपविलेली ठेव म्हणजे उपनिधी. ती होती तशीच परत करावयाची. घराची किल्लीही तशीच ठेव नव्हे काय? पगार जागरणाचा दिला. विश्वासाचे मोल कोण देणार?

शेजारच्या देवगिरीचीच कथा पाहा. जनार्दनस्वामी समाधीत असता शत्रू चालून आला. नाथांनी गुरूंचा वेष चढवून गड राखला, समाधी मोडू दिली नाही. गड काही नाथांचा नव्हता. तरी ती राखण हीच गुरुसेवा झाली.

तेव्हा मायबापहो, त्याच्या पुण्याचा हिशेब सोडा, आपल्या ऋणाचा करा. आपले पाऊल वाटेवर निश्चिंत पडते ते त्याच्या जागेपणावर. नुसत्या प्रसादाच्या पुडीने हे फिटायचे नाही. एखाद्या आषाढीला त्याला वारीस धाडा, त्याचे घर आपण राखा. पुंडलिकाच्या दाराशी खुद्द विठोबा उभा आहे. मग आपल्याला लाज कसली?