अपर्णेचे पान

हिमालयाच्या कन्येने शिवप्राप्तीसाठी तप आरंभिले आणि झाडांवरून आपोआप गळून पडलेली पाने भक्षिणेही सोडून दिले, म्हणून तिला अपर्णा हे नाव मिळाले, असे कालिदासाने ‘कुमारसंभवा’च्या पाचव्या सर्गात सांगितले आहे, परंतु ज्याने अंगावरचे पानच टाकून दिले, त्या आमच्या कुंपणावरील फड्या निवडुंगालाही हे नाव शोभेल काय, हा प्रश्न मला पुष्कळ दिवस पडलेला आहे.

पानाची अडचण मोठी विलक्षण आहे. अन्न तयार करण्यासाठी हवेतील कार्बन डायऑक्साइड आत घ्यावा, तर त्वचेवरील रंध्रे उघडावी लागतात, आणि ती उघडताच मुळांनी कष्टाने वर पाठविलेले पाणी वाफ होऊन त्याच वाटेने निघून जाते. म्हणजे ज्या नाक्यावर जमा, त्याच नाक्यावर खर्च, आणि खर्च जमेच्या कित्येक पट! पाऊस मुबलक असेल तेथे ही उधळपट्टी खपून जाते. रुक्ष प्रदेशात बंदोबस्त करावा लागतो. देवपूजेतल्या कण्हेरीचे पान आडवे कापून त्याचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला म्हणजे वर मेणचट, जाड उपत्वचा, तिच्याखाली बाह्यत्वचेच्या पेशींचे एकाहून अधिक थर, आणि खालच्या अंगाला बारीक खळगे दिसतात. या खळग्यांत लव दाटलेली असते आणि रंध्रे त्या लवेच्या आड अशा बेताने बसलेली असतात, की बाहेर उन्हाच्या झळा कितीही वाहोत, आतली हवा दमट आणि निश्चल राहावी. अवयव आत ओढून घेणाऱ्या कूर्माचा गीतेतला दृष्टांत वनस्पतिसृष्टीत शोधावयाचा, तर तो येथे सापडेल.

निवडुंग याच्याही पुढे गेला. त्याने पानाचा काटा केला. ज्याला आपण पान समजतो तो फड वस्तुतः खोड आहे, आणि पानाचे सारे कामकाज त्या हिरव्या खोडाने आपल्याकडे वर्ग करून घेतले आहे. शिवाय त्याची रंध्रे दिवसा मिटलेली असतात. रात्री हवा थंडावली की ती उघडतात, आत आलेला वायू आम्लाच्या रूपाने साठविला जातो, आणि दुसऱ्या दिवशी दारे लावून, सूर्याच्या प्रकाशात, त्याची साखर होते. संयमी पुरुषाच्या रात्रीच्या जागरणाविषयी बोलताना गीताकारांच्या डोळ्यांपुढे हा निवडुंग असणे अर्थात शक्य नव्हते, कारण तो मूळचा अमेरिकेचा!

मग यास तप म्हणावे काय? माझ्या मते नाही. तपाला संकल्प लागतो. पार्वतीला पाने खाता येत होती, तरी तिने ती सोडली. निवडुंगाच्या असंख्य पिढ्यांत मात्र ज्या रोपांचे पाणी कमी गेले ती टिकली आणि उरलेली वाळली, एवढाच इतिहास आहे, आणि त्यावर पुण्याची नोंद करणे हा भाबडेपणा होईल. तथापि संन्यास म्हणजे कर्म सोडणे, की कर्म करीत असता आसक्ती सोडणे, हा जो वाद लोकमान्यांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त इतक्या हिरिरीने मांडला, त्यात या मुक्या साक्षीदाराची जबानी घेतली, तर ती लोकमान्यांच्याच बाजूस पडेल, कारण त्याने पान टाकले, पण पानाचे काम एक दिवसही टाकले नाही.

आणि पानही त्याने जन्मतः टाकलेले नसते. नव्या, कोवळ्या फडावर काट्यांच्या जागी इवलीशी, टोकदार, हिरवी पाने खरोखरच येतात आणि थोड्याच दिवसांत गळून जातात. वाचकांनी ती एकदा जवळून पाहावीत. हात मात्र लावू नये, त्या जागची बारीक कुसळे बोटांतून लवकर निघत नाहीत.