सोडण्यासाठी धरलेला मासा

माझा भाचा मायामीत असतो. सुट्टीच्या दिवशी ऊन वर आले की तो शहरातल्या कालव्यावर गळ घेऊन जातो. दलदल कोरडी करण्यासाठी खणलेले हे कालवे आता घरांच्या परसामागून वाहतात. आफ्रिकेतली तिलापिया त्यांत फार माजली. तिला खाण्यासाठी १९८४ साली फ्लोरिडा सरकारने दक्षिण अमेरिकेतला पीकॉक बास मुद्दाम आणून सोडला. हा मासा दिवसाउजेडी, नजरेने शिकार करतो. पुलाच्या सावलीत दबा धरतो. खोटी मासोळी झटके देत ओढली की झडप घालतो.

"पण मामा, आम्ही खात नाही, सोडून देतो," भाचा सांगतो. गळाचा उलटा दात चपटा करायचा, अंगावरचा बुळबुळीत थर निघू नये म्हणून हात ओले करायचे, मासा आडवा धरायचा आणि झटकन पाण्यात सोडायचा. केवढी ही काळजी!

तरी मन खटकतेच. आमच्या मार्कंडेय नदीकाठी गळ टाकणाऱ्याला घरी कालवण हवे असते. भुकेला माफ करता येते, खेळाला कसे करावे? स्वित्झर्लंडने तर सोडून देण्याच्याच हेतूने मासे धरण्यास २००८ साली कायद्याने मनाई केली. जे तिथे क्रौर्य, तेच मायामीत सौजन्य.

नववीच्या वर्गात हे सांगितले. एकजण म्हणाला, "सुटल्यावर मासा खूश होत असेल, सर." मागच्या बाकावरून आवाज आला, "मग धरायचाच कशाला?"

भाच्याला अजून हे विचारलेले नाही. त्याने पाठवलेल्या फोटोत माझीही नजर आधी त्या सोनेरी अंगावर जाते, ओठातल्या काट्यावर नंतर.