जुनी नळी आणि नवा दस्ता

वृद्ध झालेल्या वस्तूंशीं आपण कसें वागावें, हा प्रश्न दिसावयास लहान आहे. परंतु त्याचा धागा धरून विचार करूं लागलें असतां तो बराच दूरवर घेऊन जातो. या बाबतींत आपल्याकडे सामान्यतः दोनच रीती आढळतात. एक, वस्तु मोडींत घालावयाची. दुसरी, तिला देव्हाऱ्यांत बसवावयाची. आमच्या घरीं आईचा तंबोरा आहे. त्याचा भोपळा तडकल्याला कित्येक वर्षें लोटलीं. दसऱ्यास त्याला गंधफूल वाहावयाचें आणि पुनः गवसणी घालून खुंटीस अडकवावयाचा, हा आमचा क्रम. आमच्या नातीनें मध्यंतरीं, ‘नवा भोपळा बसवून हाच मला द्या,’ असा हट्ट धरला, तेव्हां आम्हीं तिला साफ नकार दिला. नवा भोपळा बसविल्यावर तो आईचा तंबोरा कसा राहील, असें आमचें म्हणणें. तें म्हणणें खरें होतें कीं काय, याविषयीं आमच्या मनांत पहिली शंका उत्पन्न केली ती एका जुन्या बंदुकीनें.

आमचे एक स्नेही बरींच वर्षें अमेरिकेंत असतात. त्यांस नेमबाजीचा नाद आहे. त्यांच्याकडे पाहुणे म्हणून गेलों असतां त्यांनीं आम्हांस विंचेस्टर कारखान्याची ‘मॉडेल ५२’ ही रायफल दाखविली. तिची कुळकथा मोठी मौजेची आहे. लढाईंतल्या रायफलीप्रमाणेंच हाताळतां यावी, पण काडतूस मात्र लहान व स्वस्त असावें, अशी सरावाची बंदूक काढण्याच्या विचारांतून तिचा जन्म झाला. पहिलें महायुद्ध संपल्यावर १९१९ सालीं न्यू जर्सींतील कॉल्डवेल येथें भरलेल्या राष्ट्रीय सामन्यांत तिचे नमुने लोकांपुढें आले. सरावासाठीं जन्मलेली ही बंदूक पुढें लहान काडतुसाच्या सामन्यांची राणीच होऊन बसली, आणि सुमारें साठ वर्षें तिची घडण चालूं होती. न्यू हेवन येथील तो जुना कारखानाहि २००६ सालीं बंद पडला.

या जातीच्या काडतुसांत दारू पेटविणारा मसाला बुडाच्या मध्यभागीं नसून कडेच्या घडींत भरलेला असतो. बंदुकीची सुई त्या कडेवर आपटतांच बार होतो. म्हणून त्यास ‘रिमफायर’ म्हणतात. गोळीचें वजन ४० ग्रेन, म्हणजे अडीच ग्रॅमांहून थोडें अधिक. खांद्यास धक्का असा जाणवतच नाहीं.

स्नेह्यांच्या हातीं ही रायफल आली तेव्हां तिची नळी निर्दोष होती. पण खांद्यास लावावयाचा लांकडी दस्ता मुठीपाशीं चिरला होता. शिवाय तो साध्या माशीवरून नेम धरणाऱ्यांच्या बेताचा, म्हणून गालाशीं सखल होता. नळीवर दुर्बीण बसविली कीं डोळा वर न्यावा लागे आणि गाल अधांतरीं राही. स्नेह्यांनीं अक्रोडाच्या लांकडाचा नवा दस्ता आपल्या हातांनीं घडविला. गालाचा भाग उंच केला, लांबी आपल्या बाहूच्या मापानें ठेविली. लांकूड हवेंतील ओलाव्यानें फुगतें आणि नळीवर दाब देऊन नेम बिघडवितें, म्हणून नळी पुढें कोठेंहि लांकडास टेकूं नये इतकी फट राखली. मात्र मूळच्या पोलादास त्यांनीं एक नवें भोंकहि पाडलें नाहीं. आणि जुना दस्ता तेल लावून, फडक्यांत गुंडाळून जपून ठेविला. आतां मोठ्या रायफलीच्या सामन्यांपूर्वीं ते हिच्यावर हात बसवितात.

आम्हीं त्यांस विचारलें, “जी एके काळीं सामने जिंकीत होती तिला सरावास लावणें, ही तिची अवनति नव्हे काय?” ते हंसले व म्हणाले, “उद्यां चला, मग सांगतों.”

दुसऱ्या दिवशीं पन्नास यार्डांवर कागद लावून त्यांनीं बंदूक आमच्या हातीं दिली. आम्हीं दहा गोळ्या झाडल्या. त्यांतल्या बहुतेक उजवीकडे फांकल्या. आम्ही प्रथम वाऱ्यास दोष दिला, नंतर दुर्बिणीस, आणि शेवटीं, सांगावयास लाज वाटते, स्नेह्यांच्या नव्या दस्त्यास. त्यांनीं कांहीं न बोलतां तीच बंदूक घेतली, तेथेंच पडून पांच गोळ्या झाडल्या. पांचांचें मिळून एकच भोंक पडलें. मग ते म्हणाले, “मोठी बंदूक धक्का देते, आणि त्या धक्क्याच्या गडबडींत आपला दोष लपून जातो. हिला धक्का नाहीं, म्हणून लपावयास जागा नाहीं. हिची गोळी संथ; चाप ओढल्यावरहि ती नळींत थोडी अधिक रेंगाळते. तेवढ्यांत आपण दचकलों तर तें दचकणें कागदावर उमटतें.”

त्या क्षणीं आमच्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस मिळालें. सामना जिंकणाऱ्यास आपलें सामर्थ्य दाखवावयाचें असतें. शिकविणाऱ्यास दुसऱ्याचें उणें त्याचें त्याला दाखवावयाचें असतें. दुसरें काम पहिल्याहून हलकें कसें म्हणावें? आणि दस्ता व नळी यांचा भेदहि तेव्हां ध्यानांत आला. दस्ता हा माणसाच्या देहाशीं जुळवून घेण्यासाठीं असतो. खांदा बदलला कीं तो बदलावा, यांतच त्याची सार्थकता. नळी कोणाच्याहि खांद्याची भीड धरीत नाहीं. चांगला गुरु असाच असतो. शिष्याच्या उंचीप्रमाणें तो खालीं वांकतो, त्याच्या भाषेंत बोलतो. परंतु सत्यास मात्र बाक येऊं देत नाहीं.

येथें वाचक आम्हांस अडवितील. ज्या देशांत दर वर्षीं हजारों माणसें बंदुकीनें मरतात तेथें या खेळाचें कौतुक कशास, असें ते विचारतील. हा आक्षेप हंसण्यावारी नेण्याजोगा नाहीं. लहान काडतूसहि माणूस मारूं शकतें, आणि नेम शिकलेला मनुष्य तेवढ्यानें सज्जन होत नाहीं. तथापि त्या मैदानावर आम्हीं जें पाहिलें त्यांत संयमाचा वांटा मोठा होता. श्वास लांबला, हात किंचित् थरथरला, तर चापावरचें बोट काढून बंदूक खालीं घ्यावयाची व पुनः आरंभ करावयाचा. गोळी न झाडणें ही तेथें विद्येची पहिली पायरी आहे. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० सालीं म्यूनिक येथें विश्वविजेत्या झाल्या, आणि कोल्हापूर जिल्ह्याच्याच स्वप्निल कुसाळे यांनीं २०२४ सालीं पॅरिस ऑलिंपिकचें कांस्यपदक मिळविलें, तें याच लहान काडतुसावर. पन्नास मीटरांवरील त्या लक्ष्यांतलें दहा गुणांचें वर्तुळ अवघें १०.४ मिलिमीटर रुंद असतें. तेथें क्रोधाचा उपयोग नाहीं आणि घाईचाहि नाहीं.

तर मग जुन्या वस्तूस नवा साज चढविण्याचा अधिकार आपणांस आहे काय? आम्हांस वाटतें, आहे. पण तो दोन अटींवर. जें तिचें सत्त्व त्यास धक्का लावूं नये. आणि जें काढलें तें टाकूं नये, म्हणजे पुढें कोणास आपली चूक दुरुस्त करावीशी वाटली तर त्याला मागें फिरण्याची वाट राहील. जुना दस्ता फडक्यांत गुंडाळून ठेवणारा मनुष्य आपल्या मतास अखेरचें मानीत नाहीं, ही त्याची नम्रता आम्हांस फार मोलाची वाटली.

तंबोऱ्याची गोष्ट याहून अवघड आहे, हें आम्ही जाणतों. भोपळा हा केवळ दस्ता नव्हे. तो नादाचाच भाग आहे, आणि नव्या भोपळ्यानें आवाज थोडा निराळा लागेल. पण आज त्यांतून कोणताच आवाज निघत नाहीं. आई त्यावर शिकली, पुढें तिनें शेजारच्या मुलींना शिकविलें. भिंतीवर टांगण्यासाठीं तिनें तो घेतला नव्हता. परत आल्यावर आम्हीं नातीस बोलावून आमचा नकार मागें घेतला. तंबोरा आतां मिरजेस कारागिराकडे गेला आहे. तडकलेला भोपळा परत पाठवावा, असें आम्हीं कारागिरास बजावून सांगितलें आहे.