वहिनींचं रिव्हॉल्व्हर

जोहे गावच्या एका गणपती कारखानदाराने सीझनची रोकड ने-आण करायची म्हणून परवाना काढून बत्तीस बोअरचं कानपुरी रिव्हॉल्व्हर घेतलं होतं. तो वारला. 1959 च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवानाधारकामागे स्वतःचा परवाना नसताना हत्यार घरात ठेवता येत नाही, म्हणून बायकोने ते लगेच परवानाधारक विक्रेत्याकडे जमा केलं.

कारखान्यावर कर्ज, कामगारांचा पगार थकलेला. हमरापूरचा एक ओळखीचा व्यापारी घरी आला. त्याच्याकडे परवाना होता. "वहिनी, पंधरा हजार देतो. तुम्हाला ते ठेवता येणार नाही. पडून राहिलं तर सरकारजमा होईल." त्याच्या बोलण्यात खोटं काही नव्हतं. पण हा भाव रिव्हॉल्व्हरचा नव्हता, वहिनींच्या अडचणीचा होता. बाजारात असा भाव राजरोस चालतो, याचंच वाईट वाटतं.

मुलगा दुसऱ्या टोकाला. "नवं लाखाच्या घरात जातं. दुकानदाराकडून काळं पॉलिश मारून घेऊ आणि ऐंशी मागू."

आई मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करत होती. तिने ब्रश खाली ठेवला. "तडा गेलेली मूर्ती रंगवून आपण कधी गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारली का रे?"

तिने गावातल्या निवृत्त हवालदाराला बरोबर घेतलं. त्याची निम्मी नोकरी पोलिसांच्या शस्त्रागारात गेली होती. व्यापाऱ्यालाही दुकानात बोलावलं. हवालदाराने आधी हत्यार उघडून सहाही घरं रिकामी असल्याची खात्री केली. नळीमागे पांढरा कागद धरून आत पाहिलं: पीळ स्वच्छ. घोडा ताणून चक्री हलवून पाहिली, जागच्या जागी घट्ट. मग नळीवरून बोट फिरवलं आणि थांबला. बारीक खड्डे होते. "चामड्याच्या म्यानात ठेवायचे ना? आपल्याकडच्या पावसात चामडं ओल धरतं आणि लोखंड खातं."

"आणखी एक," वहिनी म्हणाल्या. "यांच्या हातून एकदा ते फरशीवर पडलं होतं."

मुलाने मान खाली घातली. हवालदाराने हत्यार पुन्हा उघडलं, मिटलं, कानाशी धरून हलवलं. उघडझाप धरणारा खटका किंचित ढिला होता. "दुरुस्त होईल. पण तशात वापरू नका. नव्याच्या निम्म्याहून खाली या. माझ्या मते चाळीस."

व्यापारी वहिनींकडे बघत राहिला. "पडल्याचं सांगितलं नसतंत तर मला कळलंही नसतं."

"भाऊजी, कमरेला तुम्ही लावणार आहात."

त्याने पंधराचा विषय पुन्हा काढला नाही. "चाळीस. दुरुस्ती माझ्याकडे," तो म्हणाला.

विक्रेता पावती लिहायला बसला. गंज, ढिला खटका आणि पडल्याची हकीकत, तिन्ही गोष्टी त्यात घालायला वहिनींनी सांगितलं. मुलाने पावती मोठ्याने वाचली आणि आईच्या सहीखाली आपलीही सही केली.